परतीचा माल

भाईंदरजवळच्या मोरव्याच्या धाकू भोईरला आयुष्यात कुणी वाईट माणूस म्हटलं नाही. दारू बेताची प्यायचा, बायकोवर कधी हात टाकला नाही, लॉरी कधी कुणाच्या अंगावर घातली नाही. गावात वऱ्हाड न्यायचं असलं की लोक त्यालाच शोधत यायचे, कारण त्याच्या हातात चाक असलं की म्हाताऱ्या माणसांना मागे हौद्यात बसल्या बसल्या झोप लागायची. त्याच्यात एकच खोड होती. कुणी मोठ्या आवाजात बोलू लागलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. घरात ही खोड कुणाला खुपत नव्हती. शेवंती, त्याची बायको, उलट म्हणायची की बरं आहे, भांडण तरी होत नाही. त्या खोडीपायी माणसं मेली ती १९७३ साली.

बाप मिठागरात राबून गेलेला. धाकू पोरवयातच मिठाच्या लॉऱ्यांवर भरणीला जायला लागला, लॉरीवाल्यांची सरबराई करता करता चालवायला शिकला आणि अठ्ठावन्न साली ठाण्याला जाऊन त्याने लायसन काढलं. मग नऊ वर्षं मीठ वाहिलं. मिठाच्या लॉरीचा पत्रा दोन पावसाळ्यांत कुजतो आणि तिचा ड्रायव्हर जन्मभर खारट वासाचा राहतो. म्हणून सदुसष्ट साली अन्नदीप ग्राहक भांडारात जागा निघाली तेव्हा सगळ्या मोरव्याला वाटलं, धाकूचं नशीब उघडलं.

अन्नदीपची तीन मोठी दुकानं होती, बोरिवलीला, मालाडला आणि पार्ल्याला. तेव्हा तसली दुकानं नवीन होती. गिऱ्हाइकाने स्वतःच हातात टोपली घ्यायची, फळ्यांवरून हवं ते उचलायचं आणि बाहेर पडताना दारात पैसे द्यायचे. वाण्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायला नको. लोक त्याला सुपर बाजार म्हणत. या तिन्ही दुकानांचं गोदाम मात्र भाईंदर पूर्वेला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं, कारण इथे जागा स्वस्त होती.

धाकू उजाडायच्या आत सायकलने रेल्वेचं फाटक ओलांडून गोदामावर यायचा. सदू हमाल, रत्नागिरीकडचा, अंगाने आडवा आणि बोलायला तुसडा, तो आणि त्याचे दोन साथीदार लॉरी भरायचे. खाली पोती, वर रवा-मैद्याची पाकिटं, तेलाच्या बाटल्या पेंढ्यात, आणि चहा साबणापासून चार हात लांब, कारण चहा वास ओढून घेतो. मग हायवेवरच्या काशी गावापर्यंतचा खड्ड्यांचा रस्ता. दोन्ही बाजूंना मिठागरं आणि मागे बाटल्यांचा आवाज. हा तुकडा धाकू बैलगाडीच्या वेगाने काढायचा. पुढे दहिसरच्या जकात नाक्यावर उन्हात ताटकळायचं. दुकान गाठलं की पुढच्या दाराने नाही, मागच्या गल्लीने जायचं. हॉर्न वाजला की वरच्या मजल्यावरून शिव्या, उशीर झाला की दुकानाच्या मॅनेजरच्या शिव्या. माल उतरला की दरवान ड्रायव्हर-हमालांचे खिसे चाचपून बघायचा, जेवणाचा डबा उघडून भाजीत बोट घालायचा. धाकू हात वर करून उभा राहायचा. तो म्हणायचा, नोकरी आहे, खाकी कपडे आहेत, अंगाला मीठ लागत नाही. आणखी काय पाहिजे?

शेवंतीला ते दुकान बघायचं होतं. एकोणसत्तरच्या दिवाळीआधी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, डोक्यात अबोली माळली आणि लॉरीत नवऱ्याशेजारी बसून ती मालाडला गेली. धाकूने लॉरी गल्लीत लावली आणि तिला पुढच्या दाराने आत जायला सांगितलं. ती गेली. एक साबण उचलून तिने वास घेतला, परत ठेवला. बरणी उचलली, परत ठेवली. दुकानात कामाला असलेली एक मुलगी सगळा वेळ तिच्या मागे मागे हिंडत होती. शेवंती काही न घेता बाहेर पडायला लागली तर दरवानाने तिला अडवलं. तिची चंची उलटी करायला लावली. पान, सुपारी, पोराच्या गळ्यातला तुटलेला काळा दोरा, एवढंच निघालं. मग तो म्हणाला, ओचा झाड. दारातली गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. शेवंतीने लुगड्याचा ओचा सोडून झाडला.

धाकू तेव्हा आतल्या दाराशी, दहा-बारा हातांवर, मालाचा कागद घेऊन उभा होता. दरवान रोजच्या ओळखीचा होता. ‘ती माझी बायको आहे’ एवढे चार शब्द बोलायचे होते. शेवंतीने त्याला पाहिलं, पण तिनेही हाक मारली नाही.

येताना नाक्यावर लॉरी रांगेत थांबली. मग ती म्हणाली, “तुमी व्हते ना तिथं?”

“व्हतो,” धाकू म्हणाला.

त्यानंतर तिने त्या दुकानाचं नाव काढलं नाही.

बाहत्तर साली पाऊस दगा देऊन गेला. भाईंदरच्या बाजूला माणसं भुकेने मेली नाहीत, खाडी होती, मिठागरं होती, काही ना काही चालत होतं. पण नगर-बीडकडची कुटुंबं पोटामागे इकडे आली. काशीच्या खाणीत खडी फोडायचं काम मिळालं आणि भाईंदर-काशी रस्त्यावरच्या पेणकरपाड्याच्या पुढे, एका सोडून दिलेल्या मिठागराच्या बांधाला लागून, त्यांनी वीस-पंचवीस पालं ठोकली. गोणपाटाची, चिंध्यांची, मिळेल त्या कागदाची. त्यांची रेशनकार्डं त्यांच्या गावांची. इथला दुकानदार त्यांना धान्य देईना. बाजारात ज्वारी परवडेना.

त्याच सोडलेल्या मिठागरात अन्नदीपचा खराब माल टाकला जायचा. गोदाम खाडीच्या दमट हवेत, पत्र्याला गळती. रव्यात अळ्या व्हायच्या, मैद्याचे गोळे बनायचे, दुकानांतून फुटकी पाकिटं परत यायची. याला गोदामात परतीचा माल म्हणत. पूर्वी तो तसाच फेकत. मग कुणीतरी तो उचलून अन्नदीपच्या छापील पिशव्यांतच भाईंदरच्या बाजारात विकला आणि भांडाराचं नाव खराब झालं. तेव्हापासून गोदामाचे सुपरिंटेंडंट हेबळे यांनी नियम केला की माल टाकायचा आणि वर फिनेल ओतून खायच्या लायकीचा ठेवायचा नाही. दर शनिवारी दुपारी हे काम धाकू आणि सदूवर आलं.

हेबळे साहेब चाळिशीचे, पांढऱ्या बुशशर्टातले, अतिशय स्वच्छ माणूस. पोटाच्या दुखण्यामुळे फक्त दहीभात खायचे. एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते साधी गोष्टही ओरडून बोलत. रागाने नव्हे. पण धाकूच्या जिभेला तो फरक कळत नव्हता.

पहिल्या शनिवारी धाकूने फिनेल ओतलं तेव्हा बांधावर दहा-बारा बायका येऊन उभ्या राहिल्या. काही मागितलं नाही, नुसत्या उभ्या. हेबळ्यांनी शिकवून ठेवलं होतं तसं धाकू म्हणाला, “विष घातलंय यात. हात लावू नका कोनी.”

पुढच्या शनिवारी तो आला तर ढीग जागेवर नव्हता. नुसता काळा ओला डाग. पन्नाशीची एक सडपातळ बाई लॉरीजवळ आली. तिचं नाव आनंदी. बीडकडची, विधवा. मुलगा विठू खाणीत खडी फोडत होता, सून सुगंधा, आणि तिची दोन लेकरं, मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी चार.

“इख नव्हतं भाऊ ते,” आनंदी म्हणाली. “फिनेल व्हतं. दवाखान्यात फरशी पुसत्यात त्येनं. वरचं टाकून दिलं, खालचं दोन पाण्यानं धुतलं, वाळवलं. कुणाला काय झालं न्हाई.”

धाकूने हातातल्या फिनेलच्या डब्याकडे पाहिलं.

“तुमची नोकरी हाय, तुमी वता,” ती म्हणाली. “पर वरून वता. खाली झिरपू देऊ नका.”

धाकूने सदूकडे पाहिलं. सदू म्हणाला, “माझ्याकडं काय बघतोस? डबा तुझ्या हातात हाय.”

त्या दिवसापासून धाकू वरून ओतायला लागला. सदू न सांगताच चांगलं पोतं आधी खाली टाकायचा, सडकं त्याच्यावर. फिनेलचा वास सुटायचा, डबा रिकामा व्हायचा, नियम पाळला जायचा. असे सात शनिवार गेले. धाकूला आपण काहीतरी चांगलं करतोय असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. रविवारी घरी तो शेवंतीला पालांतल्या गोष्टी सांगायचा, कुणाचं पोर चालायला लागलं, कुणाची शेळी व्याली. एकदा आनंदीने त्याला त्याच मैद्याची जाड पोळी आणि मिरची फडक्यात बांधून दिली. पोळीला फिनेलचा वास होता. धाकूने ती लॉरीत बसून सगळी खाल्ली.

मग एप्रिलात भांडाराचे एक संचालक मोटारीने घोडबंदरकडे निघाले होते. रस्त्यावरून त्यांना पालं दिसली आणि दोन पालांवर अन्नदीपच्या छापील पिशव्या शिवलेल्या दिसल्या. त्यांनी हेबळ्यांना फोन केला.

शनिवारी सकाळी हेबळ्यांनी धाकूला बोलावलं. चिडले नाहीत. “भोईर,” ते ओरडून म्हणाले, “फिनेल धुऊन निघतं, हे आपल्या लक्षात आलं नाही. चूक माझी आहे.” आणि त्यांनी टेबलाखालून एक पत्र्याचा डबा काढला. धान्याच्या थप्प्यांभोवती किड्यांसाठी मारायची पांढरी पावडर. डब्यावर कवटी आणि दोन हाडं. “हे निघत नाही. वरून टाकायचं नाही, पूर्ण मिसळायचं. आज मी बरोबर येतो.”

त्या शनिवारी ते लॉरीत धाकूच्या शेजारी बसले, नाकाला रुमाल लावून. मिठागरावर उतरून त्यांनी सदूला सगळी पोती उसवायला लावली, एक ढीग करायला लावला. धाकूच्या हातात डबा दिला, मग फावडं दिलं. धाकूने पावडर टाकली आणि मैदा खालवर केला. पांढऱ्यात पांढरं मिसळलं. दोन फावड्यांनंतर त्यालाही ओळखू येईना की कुठलं कुठलं आहे. बांधावर बायका उभ्या होत्या. हेबळे घड्याळाकडे बघत म्हणाले, “अजून. कडेचं राहिलंय.” धाकूने कडेचंही मिसळलं. फिनेल आणलंच नव्हतं. त्या दिवशी ढिगाला कसला वास म्हणून नव्हता.

साहेब लॉरीत बसले. धाकू चढला. आनंदी नेहमीसारखी त्याच्या बाजूच्या दाराशी आली.

“आज सायेब आलाय व्हय?” ती हळूच म्हणाली.

धाकू खाली वाकला. अगदी बारीक आवाजात म्हणाला, “आजचं घेऊ नको.”

“का वो?”

पलीकडून हेबळे ओरडले, “काय म्हणतेय ती?”

“काय न्हाय साहेब,” धाकू म्हणाला. “पाणी मागते.”

“मग चल. तीन वाजले.”

धाकूने तिच्याकडे बघून नाही अशी मान हलवली आणि लॉरी सुरू केली. आनंदी हसली. पहिल्या दिवशीही हा माणूस विष आहे म्हणाला होता. आज तर साहेब शेजारी बसलेला, तो आणखी काय म्हणणार? आणि आज फिनेलही नव्हतं. पीठ कोरडं, पांढरं, बिनवासाचं. तिला वाटलं, ड्रायव्हरने साहेबाच्या डोळ्यांदेखत आपल्यावर उपकार केले.

धाकूने ठरवलं होतं की साहेबांना गोदामावर सोडायचं आणि सायकल मारत परत यायचं. पण गोदामावर निरोप येऊन पडला होता. मालाडच्या दुकानातली साखर संपली होती, उद्या रविवारची गर्दी.

“साहेब,” धाकू म्हणाला, “मी जरा...”

“काय?” हेबळ्यांनी चांगला कान पुढे केला. “मोठ्याने बोल.”

“काय न्हाय.”

साखर भरता भरता तो सदूला म्हणाला, “तू जा पालांवर. सांग त्यांना, विष हाय.”

सदूने पोतं खाली ठेवलं. “साहेबाच्या बाजूला बसून तू नाही सांगितलंस. मी हमाल. उद्या त्याला कळलं तर मला कोण ठेवणार? तुझं तू बघ.” आणि तो गेला नाही.

धाकू मालाडला गेला. नाक्यावर लांब रांग होती. साखर उतरवून परत यायला दिवस कलला. पेणकरपाड्याजवळ आला तेव्हा आभाळ अजून लाल होतं आणि बांधाकडेच्या पालांपुढे चुली पेटल्या होत्या. एक, दोन, चार. खाणीवरून परतणारी दोन माणसं दिसत होती, पोरं धावत होती. धाकूने लॉरी हळू केली. थांबवायला पायाचा एक दाब पुरे होता. त्याच्या मनात आलं, आनंदी शहाणी बाई आहे, तिने इशारा ओळखला असेल, हे आपलं दुसरं काहीतरी शिजत असेल. आणि समजा ओळखला नसेल, तर आता उतरून एवढ्या माणसांना काय सांगायचं? आपणच मिसळलं म्हणून? तो दिवसभर चाकावर होता, अंग आंबलं होतं. त्याने गिअर बदलला आणि तो निघून गेला.

रविवारी तो घरी होता. शेवंतीने विचारलं, जेवत का नाही? तो म्हणाला, पोट बरं नाही.

सोमवारी सकाळी गोदामाच्या दारात सदू उभा होता. “चार गेले,” तो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळीच ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. आधी लहान पोरांना, मग मोठ्यांना. हातपाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस यायचा. पेणकरपाड्यातल्या एकाने बैलगाडी जुंपली, पण दवाखाना गाठेपर्यंत सुगंधाची दोन्ही लेकरं गाडीतच गेली. सुगंधा रविवारी पहाटे गेली. शेजारच्या पालातला राघो नावाचा म्हातारा दुपारी गेला. आणखी आठ-नऊ जण आजारी पडून वाचले, त्यांत विठूही. आनंदीने सगळ्यांना वाढलं होतं, शेवटी आपलं ताट घ्यायला ती बसली तेव्हा नातू ओकायला लागला. म्हणून ती राहिली.

त्याच दिवशी फौजदार आला. हेबळे, धाकू आणि सदूला मिठागरावर बोलावलं. फौजदार एका उलट्या टोपलीवर बसला होता. विठू पालाच्या दाराशी उभा होता, दोन्ही हात खडीने फुटलेले. आनंदी जमिनीवर बसली होती, गुडघ्यांवर हात टाकून. ती रडत नव्हती.

हेबळ्यांनी ओरडून सगळं सांगितलं. माल खाण्यालायक नव्हता, तो नष्ट करणं भांडाराचं कर्तव्य, तो नियमाप्रमाणे नष्ट केला. “आणि या लोकांना तोंडी सूचना दिलेली आहे. ड्रायव्हरने दिली. दर वेळी देतो.”

फौजदाराने धाकूकडे पाहिलं. “विष आहे असं सांगितलं होतंस का यांना?”

धाकूने हेबळ्यांकडे पाहिलं. हेबळे त्याच्याकडे बघत होते. सदू जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात आनंदी बोलली.

“सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “आजचं घेऊ नको म्हनले. सुगंधानं मला इचारलं, आत्याबाई, घेऊ का? म्या म्हनलं घे. म्याच ऐकलं न्हाई त्येंचं.”

“काय रे?” फौजदार म्हणाला. “खरंय?”

“हो,” धाकू म्हणाला.

फौजदाराने लिहून घेतलं. सूचना दिली होती, बाईने मानली नाही. आनंदीचा अंगठा घेतला आणि तो उठला.

विठूला हे तोवर माहीत नव्हतं. आईला आधी सांगितलं होतं, तरी तिने पीठ घरात घेतलं आणि वाढलं, हे त्याने तिथे पहिल्यांदा ऐकलं. तो चालत आईसमोर आला, तिच्याकडे बघत राहिला आणि मग तिच्या पुढ्यात मातीत थुंकला. तिने मान वर केली नाही. धाकू चार हातांवर उभा होता. आपण विष म्हणालो नव्हतो आणि पेटलेल्या चुली बघूनही थांबलो नव्हतो, हे सगळं तिथे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. विठू वळून पालात गेला तरी तो तसाच उभा राहिला.

परतीच्या वाटेवर हेबळे लॉरीत म्हणाले, “बरं झालं भोईर, तू सांगून ठेवलं होतंस. नाहीतर आज अवघड होतं.”

चार दिवसांनी पालं उठली. ती माणसं दुसऱ्या कुठल्या तरी खाणीवर गेली. विठू आईला घेऊन गेला नाही. ती बांधावर एकटी बसलेली शेजारच्या चालू मिठागरातल्या बायकांना दिसली, त्यांनी तिला भाकरी दिली आणि पुढे कामाला लावलं. तिला राहायला मिठागराच्या शेडचा एक कोपरा मिळाला.

पुढच्या शनिवारी परतीचा माल होताच. हेबळ्यांनी टाकायची जागा बदलली, डबा तोच ठेवला. धाकूने माल नेला, पावडर टाकली, मिसळली. तिथे जवळ कुणी राहत नव्हतं. हे काम त्याने आणखी चार वर्षं केलं. कुणी त्याला शिक्षा केली नाही, कुणी विचारलं नाही. पेणकरपाड्यावरून जाताना रोज त्याला मिठागरात बायका दिसायच्या, कमरेत वाकून फळीने मीठ ओढणाऱ्या. त्यांतली एक आनंदी. धाकूने एकदाही लॉरी थांबवली नाही. घरी मात्र तो बदलला. शेवंतीने पोळी केली की ताट सरकवायचा, भात वाढू का म्हणाली तर उठून जायचा. पोरांवर ओरडायला लागला. ज्याचा आवाज कधी घराबाहेर गेला नव्हता तो आता गल्लीभर ऐकू यायचा. लहान मुलगी त्याची चाहूल लागली की आजीच्या घरी पळायची.

सत्त्याहत्तर साली अन्नदीपने गोदाम मुंबईत हलवलं आणि भाईंदरच्या माणसांना काढून टाकलं. हेबळे साहेबांचा निरोप समारंभ झाला, त्यात धाकूनेच खुर्च्या मांडल्या. मग तो मिठाच्या लॉरीवर परत गेला. सेहेचाळीस वर्षांचं वय, पुन्हा अंगाला तोच खारट वास.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात एका सकाळी त्याची लॉरी पेणकरपाड्याच्या मिठागरावर भरायला लागली. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन फळीवरून चढत होत्या आणि हौद्यात मीठ ओतत होत्या. त्यांत आनंदी होती. केस पांढरे झालेले, पायांना चिरा. तिने टोपली ओतली, खाली उतरली आणि थबकली.

“तुमीच व्हय, भाऊ,” ती म्हणाली. “लेकरं बरी हायेत?”

“बरी हायेत,” धाकू म्हणाला.

ती पुन्हा टोपली भरायला गेली. पुन्हा आली, ओतून उतरली. असं आठ-दहा वेळा झालं. प्रत्येक वेळी ती त्याच्यासमोरून जात होती. शेवटी धाकू लॉरीतून उतरला आणि तिच्या वाटेत उभा राहिला.

“बाय,” तो म्हणाला, “तवा मी विष हाय असं बोललो न्हवतो. आजचं घेऊ नको एवढंच बोललो. तेबी साहेबाला ऐकू जाऊ नये असं. पावडर मीच मिसळली व्हती. संध्याकाळी तुमच्या चुली पेटलेल्या मी बघितल्या. थांबलो न्हाय.”

आनंदीने डोक्यावरची टोपली उतरवली नाही. मिठाचं पाणी तिच्या कपाळावरून गळत होतं. मागच्या बायका थांबल्या, मुकादमाने “चला चला” केलं.

“इठू तिथं हुबा व्हता,” ती म्हणाली. “तवा का न्हाई बोलला?”

ती त्याच्या बाजूने गेली, फळीवर चढली आणि टोपली ओतली. लॉरी भरेपर्यंत तिने आणखी पंधरा-वीस टोपल्या ओतल्या, कारण रोजंदारी होती. त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याची लॉरी आली की ती दुसऱ्या लॉरीच्या रांगेत जायची.

धाकूने दोन रविवार काशीच्या खाणींवर घालवले. विठू कुठे गेला म्हणून मुकादमांना विचारलं. एक म्हणाला, असे विठू दर हंगामाला शंभर येतात, मी काय वंशावळ ठेवतो? दुसऱ्याला तर दुष्काळात कोण माणसं होती तेही आठवेना. तिसऱ्या रविवारी धाकू गेला नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात आनंदी मिठागराच्या शेडमध्ये तापाने गेली. दोन दिवस पडून होती म्हणतात. मिठागरातल्या बायका भरायला लागलेल्या लॉरीकडे आल्या, ती लॉरी धाकूची होती. स्मशान लांब आहे, तेवढं सोडता का, असं त्यांनी विचारलं. मुकादम हो म्हणाला. अर्धवट भरलेल्या हौद्यात, मिठावर गोणपाट अंथरून, त्यांनी तिला ठेवलं. धाकूने लॉरी सावकाश चालवली, खड्डे चुकवत.

लाकडं रचून झाली तेव्हा प्रश्न आला की अग्नी कुणी द्यायचा. तिचं इथे कुणी नव्हतं. मुलाचा पत्ता नाही. एक वयस्क बाई धाकूकडे वळली.

“तुमाशी ती बोलली व्हती ना मागं? वलखीचे हाव ना तुमी तिचे?”

सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या.

“न्हाय,” धाकू म्हणाला. “मी लॉरी घेऊन आलोय.”

मुकादमाने विडी विझवली, पुढे होऊन अग्नी दिला आणि अर्ध्या तासात सगळ्यांना कामावर परत यायला सांगितलं. धाकूने हौद्यातलं गोणपाट काढून टाकलं. उरलेली लॉरी भरून घेतली आणि माल पोचवला.

संध्याकाळी शेवंतीने त्याच्या अंगाला धुराचा वास आला म्हणून विचारलं, कोण गेलं?

“मिठागरातली एक बाई,” तो म्हणाला, आणि आंघोळीला गेला.